उंटावरून माणसं लहानच दिसतात

पत्राचा गोषवारा : पत्रलेखिका पन्नाशीच्या आहेत. पंचवीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतात. त्यांच्या विभागाच्या पाणीपुरवठ्याची दीर्घ मुदतीची योजना आखणाऱ्या तज्ज्ञ समितीवर त्यांची नेमणूक झाली आहे. समितीच्या अहवालात एक शिफारस अशी आहे, की जनसुनावण्या बंद कराव्यात आणि अंतिम अधिकार निवडून आलेल्या मंडळाकडून काढून नेमलेल्या तज्ज्ञांकडे द्यावेत. मागच्या सुनावणीत पाच तास आरडाओरड झाली. नव्या मीटरमुळे आजार होतात, अशी एक अफवा कुणीतरी तिथे मांडली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तीच अफवा त्यांना आदल्या आठवड्यात सख्ख्या भावाने मोबाइलवर पाठवली होती. तो त्याच भागात राहतो. मग निवडणुकीचा निकाल लागला आणि भावाशी बोलणंच बंद झालं. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, की मत देण्याआधी साधी परीक्षा घ्यायला हवी, निदान शिकलेल्यांच्या मताला वजन तरी जास्त हवं. त्यावर एकोणीस वर्षांची मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आजीला मत नाही.’ आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. अहवालावर सही करायला तीन आठवडे उरले आहेत. त्या विचारतात : ‘लोकशाही लोकांच्याच अडाणीपणाने बुडणार असेल, तर तिला लोकांपासून वाचवायला नको का? आणि असं वाटतं म्हणजे मी वाईट माणूस आहे का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे. नाही, तुम्ही वाईट नाही. पाच तासांचा गोंधळ ऐकून घरी आल्यावरही ज्याला माणसांविषयी नुसतं प्रेम वाटतं, असा कुणी असेल तर मला त्याला भेटायचंय. तुम्ही थकला आहात. आणि माझा अंदाज असा, की लोकांवर जेवढ्या रागावल्या आहात त्याहून जास्त भावावर रागावल्या आहात. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ‘लोक’ हा शब्द मोजत गेले. लोकांना कळत नाही, लोक भुलतात, लोक अफवेवर मत देतात. चौदा वेळा. या चौदांपैकी एकाही ठिकाणी त्या लोकांमध्ये तुम्ही स्वतः नाही. भाऊ आहे. आई नव्हती, तिला तुमच्या मुलीने आणून बसवलं आणि तिथे तुमचं वाक्य अडखळलं. तुमच्या आख्ख्या पत्रातली सगळ्यात खरी जागा मला तीच वाटली. स्वतःच्या आईचं मत काढून घ्यायला मन धजावलं नाही. मग दुसऱ्या कुणाच्या आईचं काढून घ्यायला ते इतक्या सहज कसं तयार झालं होतं?

परीक्षेची कल्पना नवीन नाही, ती राबवूनही झालेली आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांत मतदार म्हणून नाव नोंदवायला साक्षरतेची परीक्षा द्यावी लागे. कागदावर ती सगळ्यांना सारखी. पण कोणता उतारा वाचायला द्यायचा आणि उत्तर बरोबर की चूक, हे टेबलामागे बसलेला अधिकारी ठरवायचा. गोऱ्या अर्जदाराला सोपं कलम मिळायचं, काळ्या अर्जदाराला किचकट, आणि शिकलेसवरलेले काळे शिक्षकसुद्धा नापास व्हायचे. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने हा प्रकार थांबवला. ब्रिटनमध्ये पदवीधरांना विद्यापीठ मतदारसंघाचं एक जादा मत होतं; ते १९४८ च्या कायद्याने गेलं. शिकलेल्यांना जास्त मतं द्यावीत असं १८६१ मध्ये इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनेही लिहिलं होतं, आणि हा माणूस पुढे स्त्रियांच्या मताधिकारासाठी पार्लमेंटमध्ये उभा राहिला. तेव्हा तुमची संगत काही वाईट नाही. अडचण एवढीच आहे, की परीक्षा म्हटली की प्रश्नपत्रिका काढणारा आला, आणि प्रश्नपत्रिका काढणारा स्वतः कधीच नापास होत नाही. हे तुम्हाला, शिक्षिकेला, मी काय सांगणार!

उलटा प्रयोगही झालेला आहे. १९५१-५२ मध्ये भारतात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा शंभरात जेमतेम अठरा जणांना लिहिता-वाचता येत होतं आणि मतदार सतरा कोटींच्या वर होते. हे चालणार नाही असं म्हणणारे देशात होते, परदेशात तर होतेच. उमेदवारांची चिन्हं मतपेट्यांना चिकटवली आणि मतदान पार पडलं. पुढे आणीबाणी आली. तिचे आदेश लिहिणारे, ते अमलात आणणारे, आणि त्या काळात बेकायदा अटकेविरुद्धसुद्धा नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असं १९७६ मध्ये चार विरुद्ध एक मताने ठरवणारे न्यायमूर्ती, सगळे उत्तम शिकलेले होते. मार्च १९७७ मध्ये ते सरकार घरी बसवलं मतदारांनी. त्यातल्या बहुतेकांना तेव्हाही लिहिता-वाचता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे अपवाद झाले. शिकलेला माणूस निदान आकडे बघून विचार करतो. करतो, पण कशासाठी? येल विद्यापीठातल्या डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक गमतीशीर प्रयोग मांडला. लोकांना आकड्यांचा एक छोटा तक्ता दिला. काहींना सांगितलं, हे त्वचेच्या मलमाचे आकडे आहेत. काहींना सांगितलं, हे बंदुकांवरच्या निर्बंधाचे आहेत. मलमाच्या वेळी गणित चांगलं असलेल्यांनी बरोबर उत्तरं काढली. बंदुकांचा विषय येताच तशाच हुशार मंडळींची उत्तरं आपापल्या राजकीय बाजूला झुकली, आणि गणित कच्चं असलेल्यांपेक्षा जास्त झुकली. हुशारी त्यांनी आपलं आधीचंच मत राखायला वापरली. मला या प्रयोगात माझा चेहरा दिसला. तुम्हालाही कदाचित दिसेल. (आणि तुमच्याच विषयातलं एक. २००८ चं आर्थिक संकट आल्यावर ब्रिटनच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जाऊन विचारलं होतं, की हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सामान्य माणसाचा प्रश्न विचारायला राणीला यावं लागलं.)

आता तुमच्या मूळ वाक्याकडे येते : लोकशाही लोकांच्या अडाणीपणाने बुडते. हे आपण इतक्यांदा ऐकलंय, की तपासायचं राहूनच जातं. जर्मनीचं उदाहरण सगळे देतात. पण नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला ३३ टक्के मतं होती, जुलैतल्या ३७ टक्क्यांवरून घसरलेली. खुल्या निवडणुकीत त्यांना बहुमत कधीच मिळालं नाही. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला, कारण राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला नेमलं, आणि त्यांची समजूत घालणाऱ्या फॉन पापेन यांच्यासारख्या खानदानी मंडळींना खात्री होती, की याला आपण मुठीत ठेवू. दोन महिन्यांत संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी स्वतःचे अधिकार त्याच्या हाती दिले. इटलीत १९२२ मध्ये मुसोलिनीला अडवण्यासाठी मंत्रिमंडळाने आणीबाणीचा आदेश तयार केला होता. राजाने सही केली नाही आणि मुसोलिनीलाच सरकार बनवायला बोलावलं. अलीकडचं हवं असेल तर हंगेरी. २०१० मध्ये ५३ टक्के मतांवर व्हिक्टर ओर्बान यांच्या फिडेस पक्षाला दोन तृतीयांश जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी नवी राज्यघटना मंजूर झाली, तीही जनतेचा कौल न घेता. तिची कलमं काही चौकातल्या गर्दीने लिहिली नव्हती.

म्हणजे मतदार निर्दोष, असं मी म्हणत नाहीये. ते तेहेतीस टक्के होतेच, आणि हंगेरीतले त्रेपन्नही. ‘पाचामुखी परमेश्वर’ हे मला पूर्ण पटत नाही. पाचांच्या मुखातून काय काय निघतं ते आपण रोज ऐकतो. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली स्त्रियांना मत द्यायचं का, यावर मतदान झालं. मतदार अर्थात पुरुष. तिघांतल्या दोघांनी ‘नको’ म्हटलं. राष्ट्रीय पातळीवर स्त्रियांना मत मिळायला १९७१ उजाडलं, आणि आपेनझेल इनररोडेन नावाच्या एका कँटनमध्ये, म्हणजे प्रांतात तर १९९० मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं. बहुमत चुकतं, अन्याय करतं, म्हणूनच न्यायालयं हवीत, मूलभूत हक्क हवेत, लेखापरीक्षक हवेत. पण यातला फरक बघा. हक्कांची कुंपणं सगळ्यांच्याच सत्तेला घातलेली असतात, तज्ज्ञांच्याही. तुमच्या अहवालातली शिफारस कुंपण घालत नाही, ती काही माणसांना बाहेर काढून दार लावून घेते. आणि स्वित्झर्लंडमध्ये चूक झाली तीसुद्धा अर्ध्या माणसांना विचारलंच नव्हतं म्हणून.

उंटावरच्या शहाण्याची गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. वासराचं तोंड रांजणात अडकलं म्हणून गावाने शहाण्याला बोलावलं. तो उंटावरून उतरेना, म्हणून आधी अंगणाची भिंत पाडली. मग त्याने सांगितलं, वासराची मान कापा. मान कापली, डोकं रांजणातच राहिलं. मग म्हणाला, आता रांजण फोडा. लहानपणी आपण त्याच्या मूर्खपणाला हसतो. आता मला वाटतं, त्याची अक्कल फारशी कमी नव्हती. तो खाली उतरला नाही, एवढाच त्याचा दोष.

हे मी तुमच्या पाण्यासाठी सांगतेय. तुमचा अहवाल जे सुचवतो, जवळपास तेच एका शहरात होऊन गेलंय. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट, वस्ती सुमारे एक लाख. शहर कर्जात बुडालं म्हणून राज्य सरकारने तिथे आणीबाणी व्यवस्थापक नेमला. निवडलेल्या नगर परिषदेचे अधिकार त्याच्याकडे गेले. असे व्यवस्थापक नेमणारा कायदा राज्यातल्या मतदारांनी २०१२ च्या नोव्हेंबरात कौल देऊन रद्द केला होता. पुढच्याच महिन्यात विधिमंडळाने तसाच नवा कायदा आणला, आणि यावर पुन्हा जनतेचा कौल घेता येणार नाही अशी सोयही करून ठेवली. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी बदललं आणि फ्लिंट नदीचं पाणी सुरू केलं. हे पाणी जुन्या नळांना खाणारं होतं. नळ गंजू नयेत म्हणून त्यात जे औषध मिसळायला हवं होतं, ते मिसळलं नाही. नळांमधलं शिसं पाण्यात उतरू लागलं.

काही आठवड्यांतच लोक सांगू लागले, की पाण्याला वास येतोय, रंग येतोय, पोरांच्या अंगावर पुरळ उठतंय. बाटल्यांत भरलेलं तपकिरी पाणी घेऊन ते सभांना आले. (ओरडलेही असणार.) अधिकारी सांगत राहिले, पाणी ठीक आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने हे पाणी वापरणं थांबवलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. कारखान्याला दुसरं पाणी मिळालं. माणसं तेच पीत राहिली. मार्च २०१५ मध्ये नगर परिषदेने सात विरुद्ध एक मताने ठराव केला, की जुनं पाणी परत आणा. व्यवस्थापकाने तो मानला नाही. शेवटी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पाणी बदललं. तोवर मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं होतं, आणि याच काळात आलेल्या लीजनेअर्स या गंभीर न्यूमोनियाच्या साथीत किमान बारा जण दगावले.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणतो, पण त्या कळण्याला ज्ञान म्हणत नाही. फ्लिंटच्या बायकांना शिशाचं रसायनशास्त्र येत नव्हतं, पण नळाला काय येतंय हे त्यांना नक्की माहीत होतं, आणि हे कार्यालयातल्या कुणालाच माहीत नव्हतं. यात तज्ज्ञ हरले आणि लोक जिंकले, असंही नाही बरं का. शिसं सिद्ध केलं ते तज्ज्ञांनीच. एक बालरोगतज्ज्ञ होती, तिने मुलांच्या रक्ताचे अहवाल तपासले. विद्यापीठातल्या एका अभियंत्याच्या चमूने घराघरांतल्या रहिवाशांनी भरून दिलेले नमुने तपासले. शिकलेले दोन्हीकडे होते. एका बाजूचे उंटावरून उतरले, एवढाच फरक.

आता तुमची सुनावणी. ती वाईट झाली हे मला मान्य. पण ती कशी भरवली होती, ते तुम्ही पत्रात अगदी ओझरतं लिहिलं आहे : आराखडा छापून झाल्यावर, कामाच्या दिवशी, माणशी तीन मिनिटं, व्यासपीठावर समिती आणि खाली जनता. तीन मिनिटांत, सगळं ठरून गेल्यावर, माणूस दुसरं काय करणार? ओरडणार. मग आपण म्हणणार, बघा, हे फक्त ओरडतात. मीही हे केलेलं आहे. एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत असताना आम्ही सहा सुशिक्षितांनी मुलांचा विभाग वरच्या मजल्यावर नेला. उजेड चांगला, हवा चांगली. दोन महिन्यांत विभाग ओस पडला. ‘हल्ली मुलं वाचतच नाहीत,’ असा निष्कर्ष आम्ही इतिवृत्तात लिहूनही टाकला. दारात बसणाऱ्या शिपायाने एक दिवस सहज सांगितलं, की मुलांना आजी-आजोबा घेऊन येतात आणि त्यांना जिना चढवत नाही. त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही विचारलं नव्हतं.

विचारायची पद्धत बदलली की तीच माणसं वेगळी वागतात. आयर्लंडमध्ये गर्भपाताचा प्रश्न इतका नाजूक होता, की राजकारणी त्याला हात लावायला तयार नव्हते. २०१६ मध्ये त्यांनी ९९ सामान्य नागरिक निवडले. निवडणूक नाही, देशाच्या लोकसंख्येसारखी वाटणी जुळेल अशी, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लॅफॉय अध्यक्ष. या प्रश्नासाठी पाच शनिवार-रविवार ते बसले, डॉक्टरांचं, वकिलांचं, दोन्ही बाजूंच्या संघटनांचं ऐकलं, लहान गटांत बोलले, मग मतदान केलं. त्यांच्या शिफारशी पुढाऱ्यांच्या अंदाजापेक्षा बऱ्याच पुढच्या होत्या. देश इतका पुढे गेलेला नाही, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मे २०१८ च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी घटनेतली गर्भपातबंदी उठवायला होकार दिला. तुम्हाला हा निर्णय आवडो की न आवडो, त्या ९९ जणांनी मेहनत टाळली असं कुणाला म्हणता येणार नाही.

तेव्हा सहीचं म्हणाल तर, आहे त्या शिफारशीवर करू नका. राजीनामाही देऊ नका. तो देऊन तुम्हाला मोकळं वाटेल, पण समितीत त्या जागी कुणी प्रश्न न विचारणारा येईल. भिन्नमताची टिप्पणी जोडण्याचा अधिकार सदस्याला बहुतेक ठिकाणी असतो, तो वापरा. तिच्यात दोन गोष्टी सुट्या करा, कारण अहवालाने त्या एकत्र बांधल्या आहेत. पाणी किती शुद्ध असावं, नळाचा व्यास किती असावा, दाब किती, हे तज्ज्ञांनीच ठरवावं. यावर मतदान घेऊ नये, आणि कुणी शहाणा तसं मागतही नाही. पण पाणी आधी कुणाला, दर कुणाला किती, कुठली वस्ती हलवायची, यांची उत्तरं कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाहीत, तुमच्याही नाहीत. तिथे ज्यांना भोगायचंय त्यांना विचारावंच लागेल. शिवाय समितीला एक साधा प्रश्न लेखी विचारा : हे नेमलेलं मंडळ चुकलं, तर त्याला घरी कोण पाठवणार? फ्लिंटमध्ये तो अधिकार शहरातल्या मतदारांकडे नव्हता.

सुनावणीऐवजी काय, असं समिती विचारेल. तीस-चाळीस जणांची नावं चिठ्ठ्या टाकून काढा. बायका, भाडेकरू, तरुण, म्हातारे सगळे येतील असं बघा. तीन सुट्टीचे दिवस त्यांना द्या आणि त्या दिवसांचा मोबदला द्या, नाहीतर ज्यांचं हातावर पोट आहे ते येणारच नाहीत आणि पुन्हा आपल्यासारखेच येतील. आराखडा पक्का व्हायच्या आधी बसवा. तुमच्या विरोधात असलेला तज्ज्ञही त्यांच्यासमोर बोलू द्या. नंतर त्यांची कोणती सूचना घेतली, कोणती का नाही घेतली, हे एका पानावर साध्या भाषेत छापा. खर्च येईल, होय. वेळही जाईल. पहिल्या दिवशी मीटरच्या अफवेवर तासभर जाईल, त्याचीही तयारी ठेवा. तिला हसू नका. मीटर बसल्यावर बिलं कुणाची किती वाढली आणि का वाढली, हे त्या भागात कुणी घरी जाऊन समजावलं होतं का, ते आधी शोधा. नसेल, तर लोकांना जे कळलं नाही ते सांगायचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न उरतो.

शाळेच्या, रुग्णालयाच्या, सोसायटीच्या समित्यांवर बसणाऱ्या इतर वाचकांनीही, ‘लोकांना कळत नाही’ असं ओठावर आलं की हाच प्रश्न स्वतःला विचारून बघावा. नक्की काय कळत नाही? आणि आपल्याला काय कळत नाहीये? मला दरवेळी उत्तर आवडतं असं नाही. कधी कधी लोकांना खरंच चुकीचं काहीतरी हवं असतं. तेव्हा वाद घालावा, मतं फिरवायचा प्रयत्न करावा, हरलो तर पुढच्या वेळी पुन्हा घालावा. हे दमवणारं आहे, आणि दमलेल्या माणसाला दार लावून घ्यावंसं वाटतं, तुम्हाला वाटलं तसंच.

मुलीला मसुदा वाचायला द्या. ती कडक परीक्षक दिसते.

राहिला भाऊ. त्याने मत कुणाला दिलं, हे पुन्हा काढू नका. त्या विषयावर तुम्ही दोघंही आता ते बंदुकांचे आकडे आपापल्या बाजूनेच वाचणार. आणि अफवा खोटी ठरवणारे दुवे तर अजिबात पाठवू नका. तुमच्या योजनेचं पाणी ज्यांच्या घरी जाणार, त्यांच्यातला तो एक आहे, आणि तुमच्या ओळखीचा बहुधा एकटाच. त्याला फोन करा, टिप्पणी लिहायच्या आधी. मीटर बसल्यापासून घरात काय काय बदललं ते विचारा, आणि तो सांगेल ते कागदावर उतरवून घ्या, मध्ये न बोलता.